"थेरपीत नुसता झोकाच देतात हो!"

"मॅडम, आठवड्यातून दोनदा अर्धी रजा टाकून त्याला नेते. आणि तिथे काय, तर झोक्यावर पालथा झोपवतात, दोरीला लोंबकळवतात. अक्षराचं नावच नाही. हे बागेत फुकट झालं असतं की!"

सात वर्षांच्या ओंकारची आई (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत) अगदी रडकुंडीला आली होती. शाळेच्या वहीत वर्षभर 'लेखन अपूर्ण' हाच शेरा. वर्गात त्याचं नाव आळशी पडलेलं. डॉक्टरांनी हालचालींच्या समन्वयात अडचण आहे असं सांगून ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं जमावीत यासाठीचा उपचार, सुचवली. त्याला तीन महिने झाले होते. सोबत आलेल्या आजी म्हणाल्या, "आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही."

मी ओंकारला कागद-पेन्सिल दिली. त्याने छाती टेबलाला टेकवली, डावा हात गालाखाली घेतला, दोन्ही पाय खुर्चीच्या पायांना गुंडाळले आणि मग लिहायला लागला. दुसऱ्याच ओळीला टोक मोडलं. मी आईला हळूच म्हटलं, "अक्षराकडे नका बघू. त्याच्या पाठीकडे बघा."

ताठ बसण्यातच त्याची निम्मी ताकद संपत होती. पाठ आणि खांदा स्थिर नसला की बोटांना मोकळेपणाने हलता येत नाही. किती जोर लावायचा हा अंदाज स्नायू आणि सांध्यांकडून मेंदूला मिळतो. तोच नीट मिळत नसेल तर मूल पेन्सिल दाबून दाबून लिहितं, टोकं मोडतं, लगेच दमतं. आळसाचा इथे काही संबंध नाही, आणि हे मी त्याच्यादेखत मुद्दाम मोठ्याने सांगितलं. पालथं झोपून मान वर धरणं, लोंबकळणं हे त्या पाठीसाठी आणि खांद्यांसाठी चाललं होतं.

पण आईची शंका सगळीच चुकीची नव्हती. मुलाला जे काम जमत नाही तेच काम छोट्या टप्प्यांत करून घेतलं तर ते जमू लागतं, याला संशोधनाचा चांगला आधार आहे. नुसत्या झोक्याने अक्षर सुधारेल, असं म्हणायला तसा भक्कम आधार नाही. म्हणून मी विचारलं, "थेरपिस्टनी ध्येय कोणतं ठरवलंय?" ती गप्प झाली. तीन महिने ती बाहेरच्या बाकावर बसून होती. "विचारलं तर त्यांना राग येईल असं वाटलं."

असं वाटणाऱ्या किती आया मी पाहिल्यात! विचारा. हे कशासाठी करताय, तीन महिन्यांत रोजच्या जगण्यात काय बदललेलं दिसेल, घरी आम्ही काय करायचं. चांगला थेरपिस्ट हे आनंदाने सांगतो. उत्तर टाळलं जात असेल तर मात्र दुसरीकडे जाण्याचा विचार जरूर करा.

ओंकारच्या थेरपिस्टनी पुढच्याच वेळी आईला आत बसवून घेतलं. तीन ध्येयं ठरली: शर्टाची बटणं, डब्याचं झाकण, आणि न थांबता चार ओळी. बटणांची युक्ती मला फार आवडली. आईने बटण काजातून अर्धं बाहेर काढायचं, शेवटचं ओढणं ओंकारचं. ते जमलं की त्याच्या आधीची पायरीही ओंकारची. म्हणजे काम पुरं केल्याचा आनंद रोज त्याचाच. घरी कणीक मळणं, मटार सोलणं, ओल्या कपड्यांना चिमटे लावणं सुरू झालं.

कणकेचं खातं आजींनी घेतलं. त्यांना मी सांगितलं होतं, हे अगदी तुमच्या वेळचंच आहे. कमला निंबकर यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० सालीच या उपचाराचं शिक्षण सुरू केलं. मराठीत याला व्यवसायोपचार म्हणतात. यातला व्यवसाय म्हणजे नोकरीधंदा नव्हे, तर माणसाची रोजची कामं. मुलाच्या बाबतीत जेवणं, कपडे घालणं, खेळणं, लिहिणं.

आता पाच महिने झालेत. बटणं आणि डबा जमतोय. लिहिणं अजून सावकाश आहे. शाळेतल्या बाईंनी फळ्यावरचं निम्मंच उतरवायची मुभा दिली आहे.

फी झेपत नसेल तर सरकारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते. जिल्हा रुग्णालयात 'डीईआयसी' म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. जाताना मुलाच्या वहीची दोन पानं आणि त्याला न जमणाऱ्या रोजच्या तीन कामांची नावं लिहून न्या.