वाचकांचे प्रश्न : छताखालचा अमेरिकन फुटबॉल

प्रश्न : गेल्या उन्हाळ्यात अमेरिकेत आयोवा राज्यातील डी मॉइन येथे मुलाकडे मुक्कामी असताना आम्ही उभयतांनी ‘आयोवा बार्नस्टॉर्मर्स’ या संघाचा बंदिस्त सभागृहातला सामना पाहिला. मैदान एवढेसे का, आणि शेवटच्या प्रयत्नातही कोणी लाथ मारून चेंडू दूर का पाठवत नाही, हे आम्हाला उमगले नाही. शेजारी बसलेले एक वृद्ध गृहस्थ म्हणाले की पूर्वी गोलखांबांच्या दोन्ही बाजूंना जाळ्या असत. त्या जाळ्या कशासाठी होत्या आणि गेल्या कुठे? — एक वाचक, ठाणे

उत्तर : या मैदानाचे माप आइस हॉकीच्या रिंगणावरून ठरले आहे. ते रिंगण २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असते. त्यावर कृत्रिम हिरवळ अंथरायची, मधले मैदान ५० यार्डांचे धरायचे आणि दोन्ही टोकांना ८ यार्डांचे टचडाउनचे, म्हणजे चेंडू तिथे नेला की गुण मिळतात ते, पट्टे आखायचे. हे सारे मिळून ६६ यार्ड, म्हणजे १९८ फूट होतात. उरलेल्या दोन फुटांवरून जागेची ओढाताण लक्षात यावी. उघड्यावरचे मैदान पट्ट्यांसह ३६० फूट लांब आणि १६० फूट रुंद असल्यामुळे तिथे प्रत्येक बाजूने ११ खेळाडू असतात, तर छताखाली ८. कडेला सीमारेषेऐवजी जाड गादी लावलेला कठडा असतो. चेंडू झेलण्याच्या नादात धावत आलेला खेळाडू त्या कठड्यावर पोटावर आदळून पहिल्या रांगेतील प्रेक्षकाच्या मांडीवर कोसळतो, हे दृश्य आपणही पाहिले असेलच.

ही कल्पना जिम फॉस्टर यांची. फेब्रुवारी १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये छताखालच्या सॉकरचा सामना पाहत असताना त्यांनी हाताशी असलेल्या लिफाफ्यावर या मैदानाचे चित्र काढले. जाळ्यांची गरज जागेच्या टंचाईतूनच आली. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकणे जमले नाही, तर उघड्यावरचा संघ चौथ्या वेळी लाथ मारून चेंडू प्रतिपक्षाच्या हद्दीत दूर ढकलतो. पन्नास यार्डांच्या मैदानात दूर असे काही उरत नाही, म्हणून ती लाथ नियमानेच बंद केली गेली. संघाने एक तर पुढे सरकण्याचा प्रयत्न करावा किंवा गोलखांबांमध्ये चेंडू मारून गुण मिळवावेत. खांबांमधले अंतर ९ फूट, म्हणजे उघड्यावरच्या साडेअठरा फुटांच्या जेमतेम निम्मे. त्यामुळे बरेच फटके हुकणार हे उघडच होते. हुकलेला चेंडू वाया जाऊ नये म्हणून खांबांच्या दोन्ही बाजूंना ३० फूट रुंद आणि ३२ फूट उंच अशा ताणलेल्या जाळ्या लावण्यात आल्या. जाळीवर आपटून परतलेला चेंडू जिवंत मानला जाई आणि जमिनीवर पडण्याआधी तो कोणीही झेलू शके. कॅरमच्या कडेवरून सोंगटी घेणाऱ्याला यातली गंमत वेगळी सांगायला नको.

याच जाळ्यांसकट फॉस्टर यांच्या खेळाला १९९० मध्ये पेटंट मिळाले. छताखाली फुटबॉल खेळवू पाहणाऱ्या इतरांना त्यामुळे जाळ्या वगळून नियम बसवावे लागले. पेटंट २००७ मध्ये संपले. पण २००८ मध्ये दोन लहान लीग एकत्र येऊन इंडोर फुटबॉल लीग उभी राहिली, तेव्हा बिनजाळीच्या खेळाची सवय पक्की झालेली होती. आपण पाहिलेला बार्नस्टॉर्मर्स संघ याच लीगमध्ये खेळतो. नव्वदच्या दशकात तो फॉस्टर यांच्या अरीना फुटबॉल लीगमध्ये, जाळ्यांमध्ये खेळत असे. आपल्या शेजाऱ्यांच्या आठवणीतला काळ तोच असणार.

प्रश्न : हा हंगाम वसंत ऋतूत आणि उन्हाळ्यातच का असतो? अशा लीगमधून कोणी मोठा खेळाडू झाला आहे का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मोठी लीग, म्हणजे एनएफएल, सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत चालते, तिच्यासमोर प्रेक्षक मागायला जाणे शहाणपणाचे नाही. हॉकी आणि बास्केटबॉलची सभागृहे त्या काळात व्यग्र असतात आणि उन्हाळ्यात ओस पडतात. भाड्याचे गणित तिथे जुळते. अरीना लीगच्या १९८७ मधील पहिल्या हंगामात पिट्सबर्ग, डेन्व्हर, वॉशिंग्टन आणि शिकागो असे चारच संघ होते, प्रत्येकाच्या वाट्याला सहा साखळी सामने आले आणि १ ऑगस्ट रोजी डेन्व्हरने पिट्सबर्गला त्यांच्याच गावात ४५–१६ असे हरवून अजिंक्यपद मिळवले.

मोठ्या खेळाडूचे नाव विचाराल तर कर्ट वॉर्नर. १९९४ मध्ये एनएफएलमधील ग्रीन बे पॅकर्स संघाने सराव शिबिरातून वगळल्यावर ते आयोवातील एका किराणा दुकानात ताशी साडेपाच डॉलरवर रात्रपाळीला फळ्यांवर माल लावत. पुढची तीन वर्षे ते बार्नस्टॉर्मर्सकडून खेळले. १९९६ आणि १९९७ असे अरीना लीगचे सलग दोन अंतिम सामने गाठून दोन्ही हरले. जानेवारी २००० मध्ये त्यांच्याच सेंट लुईस रॅम्स संघाने सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकला, सर्वोत्तम खेळाडूचा मान त्यांना मिळाला आणि २०१७ मध्ये ते हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाले. छताखाली चेंडू हाती येताच बचावपटू अंगावर आलेले असतात. निर्णय क्षणात घेऊन चेंडू सोडण्याची जी सफाई त्यांच्याजवळ होती, ती या दाटीत घासून धारदार झाली असे माझे मत आहे. मात्र एका वॉर्नरकडे बोट दाखवून शेकडो तरुणांना अल्प मानधनावर खेळवले जाते, हेही खरे.

प्रश्न : २०२४ चा अरीना लीगचा हंगाम मध्येच कोसळला असे वाचनात आले. नेमके काय झाले? — एक वाचक, पुणे

उत्तर : हंगाम कोसळला, पण पूर्ण बुडाला नाही. ही लीग याआधी दोनदा थांबली होती. २००९ चा हंगाम रद्द झाला आणि २०१९ नंतर तिने दिवाळखोरी पत्करली. २०२४ मध्ये नव्या चालकांनी १६ संघांची घोषणा केली. एप्रिलअखेर सामने सुरू होताच पैशाची तरतूद नसल्याचे उघडे पडले आणि काही आठवड्यांतच एकामागून एक संघ गळाले. मे महिन्यात आयुक्त पायउतार झाले आणि एनएफएलचे माजी प्रशिक्षक जेफ फिशर यांनी हंगामी सूत्रे घेतली. उरलेल्या संघांनी नवे वेळापत्रक आखून खेळ चालू ठेवला. १९ जुलै रोजी अंतिम सामना न्यूजर्सीतील एका मॉलमधल्या बर्फाच्या रिंगणावर झाला आणि मोंटानाच्या बिलिंग्स आउटलॉज संघाने ऑल्बनीला ४६–४१ असे हरवले.

प्रश्न : माझ्या दहा वर्षांच्या नातवाने विचारले आहे की चेंडू प्रेक्षकांत आला तर परत द्यावा लागतो का? — एक आजी, एडिसन, न्यूजर्सी

उत्तर : अरीना लीगच्या प्रथेप्रमाणे लागत नसे. ज्याच्या हाती लागला, त्याने तो घरी न्यावा, अशी रीत होती.