विदर्भातल्या खेड्यातून व्हायरॉलॉजिस्ट होता येईल का? की पुणंच गाठावं लागेल?

तुम्ही लिहिलंय की गाव गोंदिया जिल्ह्यात, बी.एस्सी. मायक्रो झालंय, आणि सगळे सांगतात 'इकडे काय ठेवलंय, सगळं पुण्यात'. हे वाक्य मला सहन होत नाही. चांदीपुरा विषाणू १९६५ साली सापडला तो नागपूरजवळच्या चांदीपुऱ्यातल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात. तो वेगळा केला पुण्याने, पण रक्त इथलं होतं.

पुण्याचं आधी उरकतो. तिथल्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत (एनआयव्ही) एम.एस्सी. व्हायरॉलॉजी आहे, जागा मोजक्या, प्रवेश परीक्षा असते. मिळाली तर जाच. नाही मिळाली तर नागपूर किंवा अमरावती विद्यापीठातून एम.एस्सी. मायक्रो करा, नेट-जेआरएफ (संशोधन शिष्यवृत्तीची परीक्षा) द्या, आणि मेडिकल कॉलेजमधल्या व्हीआरडीएलमध्ये, म्हणजे विषाणू तपासणाऱ्या प्रयोगशाळेत, शिरा.

आता खरं काम. मशीन चालवणं महिनाभरात येतं. सॅम्पल ओळखायला वर्षं लागतात. चांदीपुरा विषाणूच्या आजारात मूल तापाच्या पहिल्या एक-दोन दिवसांतच दगावू शकतं. तोवर आयजीएम (संसर्गानंतर आधी तयार होणारं प्रतिपिंड) तयारच झालेलं नसतं, म्हणून ते शोधणाऱ्या एलायझा चाचणीवर विसंबता येत नाही, पहिल्या दिवसाचं सीरम (रक्त गोठल्यावर सुटणारं पाणी) आणि सीएसएफ (मेंदू-मणक्याभोवतीचं पाणी) थेट विषाणूचा आरएनए शोधणाऱ्या आरटी-पीसीआरलाच लागतं. आणि ते ग्रामीण रुग्णालयातून येताना हमखास बिघडतं. प्लेन ट्यूबमधलं (काही न मिसळलेलं) रक्त अर्धा तास उभं ठेवून, गुठळी झाल्यावर सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात वेगाने फिरवून) सीरम वेगळं करायचं असतं. सेंट्रिफ्यूज नसेल तर ट्यूब तशीच २ ते ८ अंशांत पाठवायची, फ्रीजरमध्ये कधीच नाही. व्हॅक्सिन कॅरियरमध्ये (लस नेण्याच्या थंड डब्यात) दगडासारखे गोठलेले आइसपॅक थेट ट्यूबला टेकले तरी रक्तपेशी फुटतात. पॅकला घाम फुटून हलवल्यावर आत पाणी वाजू लागलं की मगच भरायचे. लसीकरणाला जाणाऱ्या नर्सताईंना हे तोंडपाठ असतं, प्रयोगशाळेतल्या कित्येकांना नसतं. रक्त गोठू न देणाऱ्या हेपारिनची ट्यूब पीसीआरला चालत नाही, हेपारिन पीसीआरचं एन्झाइमच अडवतं.

एका पावसाळ्यात मेंदूज्वराच्या मुलांची सॅम्पलं अशीच आली, रक्तपेशी फुटून सीरम जांभळाच्या रसासारखं. पीसीआरच्या रनमध्ये टार्गेट (विषाणू) नाही, आणि रिअॅक्शन झाली की नाही ते दाखवणारा इंटरनल कंट्रोलही नाही. माझे वरिष्ठ म्हणाले, 'निगेटिव्ह लिहून टाका, रिपोर्ट अडकलेत.' मी नाही म्हणालो. कंट्रोल आला नाही म्हणजे रिअॅक्शनच झाली नाही, त्याला निगेटिव्ह म्हणताच येत नाही, तो इनव्हॅलिड. त्यावर करायचं ते सोपं आहे: काढलेला आरएनए दहापट पातळ करून पुन्हा लावा. कंट्रोल उठला तर फुटलेल्या रक्तपेशींतल्या हिमोग्लोबिनने रिअॅक्शन अडवली होती. तरीही नाही उठला तर पुन्हा एक्स्ट्रॅक्शन, आणि त्याच दिवशी फोन करून नवं सॅम्पल. 'एवढा वेळ कुणाला आहे' हे त्यांचं उत्तर होतं. खोट्या निगेटिव्हवर तालुक्याची फवारणी थांबते, हा विषाणू पसरवणाऱ्या, गोठ्याच्या भेगांतल्या सँडफ्लाय (वाळूमाश्या) तशाच राहतात, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. ज्याला निगेटिव्ह आणि इनव्हॅलिड यातला फरक सही करताना आठवत नाही, त्याला मी व्हायरॉलॉजिस्ट मानत नाही, मग पदवी कुठलीही असो.

हो, कंट्रोल आला म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. कंट्रोल म्हणून लावतात ते माणसाचं जनुक, आरएनेझ-पी, मानवी डीएनएवरही उठतं, त्यामुळे विषाणूचा आरएनए उन्हात विरला तरी कंट्रोल झकास दिसतो. म्हणून सॅम्पलच्या पावतीवर ताप कधी सुरू झाला, रक्त कधी काढलं, डबा उघडला तेव्हा किती तापमान होतं, हे तिन्ही मागा. शिवाय विदर्भातला प्रत्येक मेंदूज्वर विषाणूचाच नसतो. स्क्रब टायफस जिवाणूचा, तुमच्या पीसीआर पॅनलमध्ये तो नसेल तर दिसणारच नाही. जपानी मेंदूज्वराचं आयजीएम सीएसएफमध्ये बघा, धानपट्ट्यात तर नक्कीच.

पगाराचं विचारलंत. व्हीआरडीएलमधल्या बऱ्याच जागा कंत्राटी असतात, मुदतवाढीची वाट बघावी लागते. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा. आणि एम.एस्सी.चा प्रोजेक्ट निवडताना ग्रामीण रुग्णालयातून आलेल्या सॅम्पलांचाच घ्या, मुलाखतीत त्याच्यावरच बोलता येईल.