बालेकिल्ल्यातला 'बाले'

प्रश्न असा: 'राजगडाच्या बालेकिल्ल्यातला "बाल" म्हणजे लहान, म्हणून मोठ्या किल्ल्यातला छोटा किल्ला, बरोबर ना? आणि मतदारसंघाला बालेकिल्ला का म्हणतात?'

बरोबर नाही. गड पाहून आलेले लोकही हे ठोकून देतात, वर 'बालकिल्ला' असं लिहितात! राजगड ज्यावर उभा आहे त्या मुरुंबदेवाच्या डोंगराला पद्मावती, सुवेळा, संजीवनी अशा तीन माच्या (माथ्याखालचे तटबंद सपाट भाग) फुटल्या आहेत. मधोमध, तिन्हींच्या वर, कातळाचा कडा उभा आहे. त्याच्या डोक्यावर बालेकिल्ला. त्याला स्वतंत्र महादरवाजा, स्वतःचा तट, चंद्रतळ्याचं पाणी. माची पडली तरी वरून झुंजता यावं म्हणून. मुद्दा उंचीचा आहे, आकाराचा नाही.

फारसीत 'बाला' म्हणजे वरचा. काबूल, पेशावर, गोवळकोंडा, तिन्हीकडे 'बाला हिसार' आहे; 'हिसार' म्हणजे किल्ला. अलवरचा गड तर सरळ 'बाला किला'. आपल्याकडचा बालाघाट घ्या ना! घाटावरचा तो बालाघाट, खालचा तो पयनघाट; 'पाईन' म्हणजे खालचा. वऱ्हाडात ही जोडी जुनी. बालाघाटात बाळ शोधणाऱ्यांनी पयनघाटात काय शोधायचं? (बाल्कनी मात्र या कुळातली नाही. ती इटालियन, मुळात तुळईवरून आलेली.)

मग 'बाला'चं 'बाले' कसं झालं? नुसतं विशेषण असतं तर 'काळा किल्ला'सारखा 'बाला किल्ला'च राहिला असता. पुल्लिंगी एकवचनी प्रथमेपुढे आकारान्त विशेषणाचा 'ए' होत नाही. माझ्या मते इथे फारसी इजाफत, म्हणजे दोन शब्द जोडणारा 'ए', दडली आहे: 'बाला-ए-किल्ला', म्हणजे किल्ल्याचा माथा. 'बोलण्याच्या ओघात आ चा ए झाला' असं म्हणून मोकळे होणारे पंडित व्याकरण सांगत नाहीत, हात झटकतात. तोच ओघ बालाघाटाला का लागला नाही?

राहिला मतदारसंघ. पाव शतक राजधानी राहिलेला राजगड १६६५ च्या पुरंदरच्या तहातही सुटला नाही: २३ किल्ले मोगलांना गेले, राखलेल्या १२ मध्ये हा होता. बाकी सगळं गेल्यावरही जे हातात राहतं, तिथेच हे रूपक शोभतं. 'पक्षाचे राज्यात पंधरा बालेकिल्ले' ही मात्र मौज आहे. गडाला बालेकिल्ला साधारण एकच असतो. आणि गेल्या खेपेला पहिल्यांदाच जिंकलेल्या जागेला फार तर मेट, म्हणजे गडाच्या वाटेवरची चौकी, म्हणावं.