आधी घ्यायला शीक

प्रिय,

ख्रिस्तात सलाम.

तुझं सात पानी पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाईट वाटलं, दुसऱ्यांदा राग आला. राग तुझ्यावर कमी आणि माझ्यावर जास्त, कारण त्यातली निम्मी वाक्यं मी स्वतः तिशीत लिहिली होती, फक्त कुणाला पाठवली नव्हती.

'चौदा महिने सगळं दिलं. अभ्यासवर्ग चालवला, आजाऱ्यांना दवाखान्यात नेलं, वह्या वाटल्या, कपडे वाटले. लोक घेतात आणि दार लावून घेतात. मी कुठे कमी पडलो?' असं तू विचारतोस. मग पाळक होण्याचं पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, प्रार्थना, उपास यांवर चार पानं. ती मी बाजूला ठेवली. तुझं पाचारण खरं की भ्रम, हे इतक्या लांबून मला कळणार नाही. मला अडकवलं ते पाचव्या पानावरच्या एका वाक्यानं. तू ते जाता जाता लिहून गेलास: 'एका आजींनी स्टूल हाताने पुसून पुढे केलं, पाणी आणते म्हणाल्या, पण अजून अकरा घरं बाकी होती म्हणून नको म्हणालो.'

अरे, तिथेच तर घोडं पेंड खातंय!

बायबलमधलं लूकचं शुभवर्तमान, अध्याय 10 काढ. प्रभूने सत्तर जणांना दोघादोघांनी पाठवलं (काही प्रतींत बहात्तर, त्यावर आत्ता वाद नको). त्यांना काय न्यायला सांगितलं? काहीच नाही. पिशवी नको, झोळी नको, वहाणा नकोत. म्हणजे संध्याकाळ झाली की कुणाच्या तरी दारात उभं राहून 'आत येऊ का?' असं विचारल्याशिवाय त्यांची रात्र निभणार नव्हती. त्या घरी जे वाढतील ते खा, असंही सांगितलं. आणि त्याच सातव्या वचनात पुढे आहे, घरोघर फिरू नका. या उताऱ्यावर तू उपदेश केला असशील. मी नऊ वेळा केलाय, वह्यांत तारखा आहेत. नऊही वेळा मी 'पीक फार आहे, कामकरी थोडे आहेत' यावर बोललो. रिकाम्या झोळीवर एकदाही बोललो नाही. भरलेली झोळी घेऊन फिरणाऱ्या माणसाला ते वचन दिसत नाही.

सूखार गावाबाहेरच्या विहिरीवर प्रभू बसला तेव्हा त्या शोमरोनी बाईशी पहिलं वाक्य काय बोलला? 'मला प्यायला दे.' जिवंत पाण्याची गोष्ट नंतर. आधी त्यानं मागितलं, आणि तेही अशा बाईकडे, जिच्या भांड्यातलं पाणी त्याच्या लोकांना चालत नव्हतं. जक्कय या जकातदारालाही त्यानं काही दिलं नाही. आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे म्हणाला. आणि तू? तू पाहुणा म्हणून गेलास आणि यजमानासारखा वागलास. त्या आजींच्या घरात देण्यासारखं त्या वेळी एक स्टूल आणि पाणी होतं. तेवढंही तू घेतलं नाहीस. मग त्यांनी दार लावलं तर बोल कुणाला लावायचा?

तुझी धावपळ कुठून येते ते मला ठाऊक आहे. महिन्याअखेरीला कमिटीला अहवाल द्यायचा असतो, त्यात घरभेटींचा आकडा लागतो, आणि पिशवी देतानाचा फोटो असला तर सगळ्यांना बरं वाटतं. माझ्याही एका मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, असा तक्ता होता. मी तो नेमाने भरला, शाबासकीही घेतली. आता वाटतं, त्या फोटोंतल्या एकाही माणसाला आपण 'फोटो काढू का?' असं विचारलं नव्हतं. अहवालात अकरा घरांऐवजी एक घर लिही. कमिटीने विचारलं तर सांग, बसलो होतो. बोलणी खाशील. खा. ते बोलणं घेणंही घेण्यातच मोडतं.

डिट्रिख बोनहोफर या जर्मन पाळकाचं उदाहरण मला आवडतं, कारण तो बड्या घरचा, हुशार आणि थोडा ताठ होता, म्हणजे तुझ्या-माझ्यासारखाच (निदान ताठपणात). 1932 च्या सुमारास बर्लिनच्या कामगार वस्तीतला दृढीकरणाचा (मुलांना चर्चचे पूर्ण सभासद होण्याआधी शिकवण्याचा) वर्ग त्याच्याकडे आला. पोरं हाताबाहेर गेलेली. त्यानं त्याच भागात भाड्याने खोली घेतली आणि संध्याकाळी पोरं तिथे येऊ लागली. ती पोरं काय काय शिकली ते ठाऊक नाही, पण तो त्या वस्तीत पाहुण्यासारखा येऊन परत जात नव्हता, भाडेकरू होता. पुढे 1935 मध्ये तो फिंकनवाल्डच्या, पाळक घडवणाऱ्या सेमिनरीत शिकवू लागला तेव्हा विद्यार्थ्यांनी एकमेकांपुढे पापकबुली द्यावी असा त्याचा आग्रह होता, आणि त्यानं स्वतःची कबुली ऐकायला आपल्याच एका विद्यार्थ्याला सांगितलं. गुरूने शिष्यापुढे बसायचं! मला हे करायला सांगितलं असतं तर मी राजीनामा दिला असता. (खोलीचं उदाहरण मात्र जसंच्या तसं उचलू नकोस. मुलांच्या वर्गात कायम दोन मोठी माणसं हवीत आणि दार उघडं हवं. यात सूट नाही, तू कितीही सज्जन असलास तरी.)

आता माझं ऐक. एकतीस वर्षं पाळक म्हणून काढली आणि त्यातली वीस-बावीस वर्षं मी कुणाचं काही घेतलं नाही. त्याला कारण होतं. माझ्या आधी त्या मंडळीत जे पाळक होते ते दोन-तीन बड्या कुटुंबांचं सगळं घेत. घराची दुरुस्ती, मुलांची फी, प्रवासाची सोय, सगळं. मग त्या कुटुंबांत लग्नावरून किंवा जमिनीवरून भांडण झालं की व्यासपीठावरून एक शब्द निघत नसे. मी आलो तेव्हा वेदीपुढे गुडघे टेकून ठरवलं, कुणाचा मिंधा होणार नाही. हे चुकीचं होतं असं मला अजूनही वाटत नाही. दानपेटी मी कधी एकट्याने उघडली नाही, मोजायला कायम दोघे आणि सही दोघांची. ज्याच्या हातात मंडळीच्या चाव्या आहेत त्याच्याकडून भेटवस्तू नाही. यातलं प्रत्येक कलम मी आजही तुझ्याकडून पाठ करून घेईन.

पण मी ते धनवंतांपुरतं ठेवलं नाही. विधवेचंही नाकारलं, विद्यार्थ्याचंही नाकारलं. माझ्या झग्याची खालची शिवण उसवली होती. आमच्या मंडळीत शिवणकाम करणारी एक बाई होती. प्रभुभोजनाच्या वेळी ती रांगेत गुडघे टेकायची तेव्हा ती उसवलेली कड नेमकी तिच्या डोळ्यांसमोर यायची. तिने तीनदा म्हटलं, 'साहेब, झगा द्या, दहा मिनिटांचं काम आहे.' तिन्ही वेळा मी म्हटलं, 'राहू द्या, मी करून घेईन.' घरी मीच टाके घातले, वेडेवाकडे, पांढऱ्यावर पिवळट दोऱ्याचे. मला त्याचा अभिमान होता बघ!

मग माझी पत्नी आजारी पडली. पाच आठवडे रुग्णालयात. मी मंडळीत कुणाला सांगितलं नाही. रात्री तिच्या उशाशी आणि रविवारी व्यासपीठावर. एका रविवारी उपदेशाचा विषय 'एकमेकांची ओझी वाहा' हा होता, आणि मी तो अगदी व्यवस्थित केला. सहाव्या आठवड्यात कुणाकडून तरी कळलंच. ती शिवणकाम करणारी बाई उपासनेनंतर थांबली. मला वाटलं, विचारपूस करेल. ती म्हणाली, 'साहेब, आमच्या घरी मयत झाली तेव्हा तुम्ही तीन रात्री आमच्यात बसलात. आम्ही तुमचे कुणीच नाही का?'

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी प्रेषित पौलाच्या पत्रांचा आधार घेतला, मी कुणाला भार झालो नाही वगैरे. पण पौल नीट वाचला तर तोही मला वाचवत नाही. करिंथच्या मंडळीकडून त्यानं काही घेतलं नाही, तर ते लोक खूश झाले नाहीत, दुखावले. 'तुम्हांला भार झालो नाही, या अन्यायाची मला क्षमा करा,' असं तो त्यांना लिहितो, दुसऱ्या पत्राच्या बाराव्या अध्यायात. आहे त्यात टोमणा, मान्य. पण टोमणा मारायची वेळ आली याचा अर्थ जखम झालीच होती. फिलिप्पैच्या मंडळीकडून मात्र त्यानं एकदा सोडून दोनदा घेतलं, आणि त्याची सगळ्यांत मोकळी, सगळ्यांत आनंदी चिठ्ठी त्यांनाच गेली. मी करिंथचा पौल पाठ केला आणि फिलिप्पैचा सोडून दिला.

माझ्या पत्नीने यावर एकच वाक्य बोललं आणि ते मी इथे लिहिणार नाही. तुझ्या पत्रात तुझ्या बायकोबद्दल 'ती हल्ली गप्प असते' एवढंच आहे. सात पानांत एक ओळ. पाळकाने कुणाकडून काही घ्यायचं नाही असं ठरवलं की त्याची किंमत घरातलं माणूस भरतं, कारण मंडळीला न सांगितलेलं सगळं तिलाच एकटीने वाहावं लागतं. तिला विचार, तुला कोण हवंय. 'काय हवंय' नको विचारू.

आणि तुझ्या थकव्याबद्दल. सुट्टी घे, झोप, सोमवारी फोन बंद ठेव, हे तुला कुणीही सांगेल आणि बरोबरच सांगेल. इंग्लंडमधला उपदेशक चार्ल्स स्पर्जन 22 वर्षांचा होता तेव्हा, 1856 मध्ये, त्याच्या सभेत कुणीतरी 'आग' असं ओरडलं, चेंगराचेंगरीत सात माणसं गेली. ते दुःख त्याला आयुष्यभर पुरलं. पण आपल्याला उदासीचे झटके येतात हे त्यानं आपल्या विद्यार्थ्यांना सरळ सांगितलं आणि हिवाळ्यात फ्रान्सच्या दक्षिणेला मेंतोंला विश्रांतीसाठी जात राहिला. तू मात्र मला लिहितोस, 'हे मंडळीत कुणाला कळू देऊ नका.' मी कशाला कळवू? पण तू का नाही सांगत? सगळ्यांना नको, दोघांना सांग. रफीदीमला खाली लढाई चालू असताना टेकडीवर मोशेचे वर उचललेले हात जड झाले तेव्हा अहरोन आणि हूर अशा दोघांनीच ते धरले होते. आणि त्यांनी आधी काय केलं? एक धोंडा आणला आणि त्याला बसवलं. मोशे 'नको, मी उभाच बरा आहे, अजून अकरा घरं बाकी आहेत' असं म्हणाला नाही.

शिवाय एक माणूस मंडळीबाहेरचाही शोध, दुसऱ्या चर्चचा चालेल, ज्याला तुझी बदली करता येत नाही आणि ज्याला तुझ्याकडून काही नको आहे. महिन्यातून एकदा त्याच्याकडे जा आणि तू बोल, त्याला ऐकू दे. मी असा माणूस शोधला नाही. माझ्या वेळी तशी पद्धत नव्हती, असं मी म्हणतो. खरं तर होती, मीच गेलो नाही.

आता तुला काय करायचं ते. या आठवड्यात त्या आजींकडे जा. पिशवी नेऊ नकोस, वही नेऊ नकोस, पत्रक तर मुळीच नेऊ नकोस. स्टूल देतील, बस. पाणी देतील, पी. निघताना 'प्रार्थना करू का?' असं विचारायची तुला सवय आहे. या वेळी 'माझ्यासाठी कराल का?' असं विचार. त्या कुठल्या धर्माच्या आहेत हे तू लिहिलेलं नाहीस, आणि लागतही नाही. हात जोडतील, डोक्यावर हात ठेवतील किंवा नुसत्या हसतील. जे मिळेल ते घेऊन ये.

तो झगा मी शेवटी त्या बाईला दिला, निवृत्तीच्या आदल्या महिन्यात. तिने माझे टाके आधी उसवले, एकेक, कात्रीच्या टोकाने, आणि मी समोर बसून बघत राहिलो. तिला खरंच दहा मिनिटं लागली.

आता माझी एक विनंती आहे आणि ती लिहायला मला दोन दिवस लागले. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय. मुलगा लांब असतो. त्या रात्री सोबतीला कुणीतरी लागेल. पुढच्या महिन्यात दोन दिवस काढून येशील का? पत्नीलाही आण. आणि उत्तर जरा मोठ्या अक्षरात लिही.

तुझा,
ख्रिस्तात