शंटचा उपयोग होईल का, हे आधी कळते का?

उतारवयात मेंदूतील पाण्याच्या पोकळ्या मोठ्या झाल्याचे निदान होऊन न्यूरोसर्जनने शंट, म्हणजे मेंदूतले जादा पाणी शरीरात दुसरीकडे वाहून नेणारी, शस्त्रक्रियेने बसवायची नळी, सुचवला, की माझ्याकडे येणारे जवळजवळ प्रत्येक कुटुंब विचारते, ‘‘उपयोग होणार की नाही, एवढे तरी आधी सांगता येत नाही का?’’ या आजाराचे, म्हणजे नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलसचे, वर्णन १९६५ साली झाले, तेव्हापासून हा प्रश्न डॉक्टरांनाही पडलेला आहे.

सत्तरी ओलांडलेल्या एका गृहस्थांना या आजाराची तिन्ही लक्षणे होती: पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवरचा सुटलेला ताबा आणि विसरभोळेपणा. मेंदूतले पाणी मणक्यातही असते; ते कमरेतून सुमारे ४० मिलिलिटर काढून चालण्यातला फरक पाहणारी टॅप टेस्ट झाली होती; फरक दिसला नव्हता.

‘‘म्हणजे आता आशा नाहीच ना?’’ मुलीने विचारले.

‘‘चाल सुधारली असती तर शंटची बाजू भक्कम झाली असती. ती सुधारली नाही, एवढ्यावरून मात्र उपयोग होणारच नाही असे ठरत नाही,’’ मी म्हणाले. ‘‘पण उपयोग झाला, असे तुम्ही कशावरून म्हणाल?’’

‘‘बाबांना सगळे पूर्वीसारखे आठवायला लागले तर.’’

तोच प्रश्न मी त्यांनाही विचारला. उत्तर यायला बराच वेळ लागला आणि मी तो लागू दिला.

‘‘रात्री कुणाला न उठवता बाथरूमपर्यंत जाता यावे.’’

मुलगी स्तब्ध झाली. ती स्मरणशक्तीच्या मापाने आशा मोजत होती आणि वडिलांना स्वतःची पावले हवी होती. शंटनंतर सुधारण्याची शक्यता सर्वाधिक असते ती चालण्याचीच. स्मरणशक्तीची खात्री त्यामानाने कमी. उपचाराचे माप रुग्णानेच ठरवावे, अशी माझी धारणा आहे आणि त्या बैठकीत ती खरी ठरल्याचे मला समाधान आहे. पुढे सुमारे तीन दिवस कमरेतून सलग पाणी काढून पुन्हा चाचणी घेण्यास दोघेही राजी झाले.

माझे सांगणे असे, की चाल आधी बिघडली की स्मरणशक्ती, हे डॉक्टरांना नेमके सांगावे, कारण चालीपासून सुरू झालेला आणि फार न लांबलेला आजार शंटला अधिक अनुकूल असतो. जोडीला अल्झायमर किंवा पार्किन्सन असण्याची शक्यता आहे का, हेही विचारावे. चाचणीपूर्वी आणि नंतर तेवढेच अंतर चालतानाचा व्हिडिओ घ्यावा. संसर्ग, नळी तुंबणे, जास्त पाणी वाहून गेल्याने मेंदूभोवती रक्तस्राव होणे, हे धोकेही संमतीपूर्वी समजून घ्यावेत. नळीतून किती पाणी वाहावे हे ठरवणारा, बाहेरून दाब बदलता येणारा व्हॉल्व्ह बसवणार का, हा प्रश्न त्याच वेळी विचारायचा असतो.