पुस्तक बेंगळूरहून येतं, मलप्रभा दारातून जाते

वाचकांचे प्रश्न : शिक्षणाचं पान

या महिन्याच्या पत्रांतली तीन पत्रं एकाच गोष्टीपाशी येऊन थांबली, शाळेत काय शिकवायचं ते कुणी ठरवायचं आणि कशाच्या आधारावर. म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकाला ठेवली आणि पहिल्या पत्राला जास्त जागा दिली.

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात सरकारी मराठी शाळेत टीचर आहे. पाचवीपर्यंतची शाळा, आम्ही दोघीच. मागच्या मीटिंगमध्ये सांगितलं की आपल्या शाळेचा स्थानिक अभ्यासक्रम तयार करून आणा. कुणी म्हणालं सणांची माहिती लिहा, कुणी म्हणालं झाडांची यादी करा. मी दोन रात्री जागून बसले आणि शेवटी पुस्तकातल्या धड्यांचीच यादी परत लिहून काढली. अभ्यासक्रम बनवायचा म्हणजे नेमकं करायचं काय? पुस्तक तर वरून ठरूनच येतं, मग आमच्या हातात उरतं काय?

उत्तर : टीचर, धड्यांची यादी लिहिली म्हणून वाईट वाटून घेऊ नका, मीसुद्धा नोकरीची पहिली दहा वर्षं अभ्यासक्रम म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका असंच धरून चालले होते. आपल्याकडं तीन गोष्टींची सरमिसळ झालीय. शाळेनं मुलाला काय द्यायचं, ते का द्यायचं आणि ते त्याच्यापर्यंत कसं पोचणार, हा सगळा विचार म्हणजे अभ्यासक्रम. कुठल्या इयत्तेत कुठला भाग किती, तो पाठ्यक्रम, ज्याला आपण सिलॅबस म्हणतो. आणि पुस्तक हे त्यातलं एक साधन, खडूसारखंच. वरून ठरून येतं ते दुसरं आणि तिसरं, पहिल्याचा बराच भाग तुमच्या वर्गातच ठरतो, तुम्ही ठरवला नाही तर तो आपोआप ठरतो, आणि आपोआप ठरला की पाठांतराकडंच जातो हे मी इतक्या वर्षांत बघितलंय.

कोऱ्या कागदासमोर बसलं की सुरुवात कुठून करायची, त्यासाठी अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ राल्फ टायलर यांनी १९४९ साली चार प्रश्न मांडले होते, ते अजून कामाला येतात. शाळेला काय साधायचंय? त्यासाठी मुलांना कुठले अनुभव द्यायचे? ते कुठल्या क्रमानं लावायचे? आणि साधलं की नाही ते कसं बघायचं? पुढं पुष्कळांनी त्यावर टीका केली, की यात शाळेचा कारखाना होतो, मूल वर्गात अचानक काहीतरी विचारतं त्याला यात जागाच नाही. टीका मला पटते. तरीपण आपण नेहमी चौथ्या प्रश्नापासून, म्हणजे एफए-एसएच्या (वर्षभराच्या चाचण्या आणि सत्र परीक्षेच्या) मार्कांपासून सुरू करतो आणि पहिल्या प्रश्नापर्यंत कधी जातच नाही, म्हणून म्हणते हे चार एकदा लिहून काढाच.

आता तुमच्याच शाळेत बसून बघू. परिसर अभ्यासात पाणी आणि नद्या येणारच, पुस्तकात कुठली का नदी असेना. मलप्रभा तुमच्याच तालुक्यात कणकुंबीला उगवते, खानापूरवरून पूर्वेकडं जाते, सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात अडते, पुढं पट्टदकल, ऐहोळेच्या देवळांजवळनं जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळते, सगळी मिळून ३०४ किलोमीटर. हे वाक्य मुलांना पाठ करायला दिलं तर झाला आणखी एक धडा. पण साधायचं काय ते आधी लिहा, समजा असं लिहिलंत की आपल्या ओढ्याचं पाणी कुठून येतं, कुठं जातं आणि वाटेत कुणाकुणाच्या उपयोगाला पडतं हे मुलाला स्वतः शोधून सांगता आलं पाहिजे, तर मग पुढचं सगळं बदलतं बघा. एक सरळ भिंतीची प्लॅस्टिकची बरणी अंगणात ठेवायची, पट्टीनं रोज सकाळी पाणी मोजायचं, मिलिमीटरमध्ये भिंतीवरच्या तक्त्यावर लिहायचं, जून ते सप्टेंबर. वर्गातल्या कुणाची तरी आत्या नाहीतर मावशी बैलहोंगल-सौंदत्तीकडं दिलेली असतेच, तिला तश्शीच बरणी ठेवायला सांगायची आणि आठवड्याला फोन करून आकडा घ्यायचा. घाटमाथ्यावर एवढा पाऊस आणि तिकडं एवढाच का, हा प्रश्न मुलंच विचारतील, तुम्हाला पर्जन्यछाया (डोंगराआडचा कमी पावसाचा भाग) हा शब्द आधी सांगायची गरजच नाही, प्रश्न पडल्यावर सांगा, मग तो राहतो.

क्रम असा की आधी ओढा, मग नदी, मग नकाशा. नकाशा पहिल्यांदा दाखवला की मुलाला वाटतं नदी म्हणजे निळी रेघ. आणि झालं की नाही ते बघायला मलप्रभेवर प्रश्न काढू नका. घटप्रभेचा नाहीतर मार्कंडेय नदीचा कोरा नकाशा द्या आणि विचारा पाणी कुठल्या बाजूला जात असेल, पाऊस कुठं जास्त असेल, कशावरनं म्हणतोस. सांगता आलं तर शिकलं. नुसती मलप्रभाच सांगता आली तर पाठच केलं, फक्त आपल्या गावचं पाठ केलं एवढाच फरक.

तुम्ही दोघीच आहात म्हणून आणखी एक. हाच विषय पहिली ते पाचवी सगळ्यांना एकदम घेता येतो. पहिलीतली पोरं ओढ्याकाठचं काय काय दिसलं त्याची चित्रं काढतील आणि नावं लिहितील, तिसरीतली बरणीचे आकडे मांडतील, पाचवीतली दोन गावांची तुलना करतील. एकाच गोष्टीकडं दरवर्षी परत यायचं पण दरवेळी जरा खोल जायचं, ही कल्पना अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६० साली मांडली, वर चढत जाणाऱ्या वळणासारखा अभ्यासक्रम. गणितात तर हे आपल्या घरातच आहे. चिपटं, मापटं, शेर, पायली. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. दुसरीत नुसतं भात नाहीतर वाळू मोजून भरायची, चौथीत चिपटं म्हणजे पाव शेर आणि मापटं म्हणजे अर्धा हे अपूर्णांकात लिहायचं, पुढं हायस्कूलला गेल्यावर तेच गुणोत्तर म्हणून येतं. ज्या मुलानं स्वतःच्या हातानं दोन चिपटी ओतून मापटं भरलंय त्याला पाव अधिक पाव म्हणजे अर्धा हे फळ्यावर समजावून सांगावं लागत नाही. आजीच्या माळ्यावर माप असेल तर ते शाळेत आणा, नसेल तर वाट्या घ्या, चालतंय.

आता एक काळजीचं, आणि हे मला मनापासून सांगायचंय. स्थानिक म्हटलं की आपण सण, झाडं आणि बापाचा धंदा इथंच थांबतो. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढं, म्हणजे इंग्रज सरकारच्या शिक्षण आयोगापुढं, निवेदन दिलं, त्यात गावच्या शाळेत काय शिकवावं हे अगदी नेमकं सांगितलंय, मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचं प्राथमिक ज्ञान, आरोग्याचे चार धडे, आणि शाळेला जोडून छोटं नमुन्याचं शेतसुद्धा. शेती आहे, पण नुसती शेती नाही, तिच्या शेजारी इतिहास, भूगोल, हिशेब आहे, कारण कुळवाड्याच्या पोराला सावकाराचा कागद वाचता आला पाहिजे. गांधीजींनी १९३७ मध्ये वर्ध्याला नई तालीम मांडली, हाताच्या कामातून सगळे विषय शिकवायचे, कल्पना मोठी होती, पण तेव्हापासून एक भीती लोक बोलून दाखवत आलेत, की गरिबाचं पोर सूत कातायच्या टकळीवरच राहील आणि बाकीचे वकील-डॉक्टर होतील. मला ती भीती खरी वाटते. निपाणीत तंबाखू आहे म्हणून तिथल्या पोरीला विडीचंच गणित द्यायचं का? द्या, पण मजुरी कशी ठरते, दर कोण ठरवतं, १९८१ ला तिथले तंबाखू शेतकरी रस्त्यावर का बसले, इथपर्यंत ते गेलं पाहिजे. नाहीतर स्थानिक अभ्यासक्रमाच्या नावाखाली आपण पोराला गावातच बांधून ठेवतो.

कार्यानुभवाचं, म्हणजे शाळेत हातानं काम करून शिकायच्या विषयाचं, काय झालं ते आपण बघितलंच. कोठारी शिक्षण आयोगानं (१९६४-६६) हा विचार देशभर मांडला, आणि त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक म्हणजे आपल्या शेजारचेच, आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे, धारवाडजवळच्या उप्पिन बेटगेरीत राहून गावकाम केलेले. त्यांच्या डोक्यात खरं काम होतं, शाळेत येईपर्यंत त्याची क्रेप कागदाची फुलं झाली. तुमच्या कागदाचं तसं होऊ देऊ नका. दोन पानांच्या वर लिहू नका, एक विषय घ्या, चार प्रश्नांची उत्तरं लिहा, बरणी ठेवा.

प्रश्न : माझा मुलगा बेळगावात मराठी शाळेत शिकतो, बहिणीची मुलगी महाराष्ट्रात चंदगडला. सुट्टीत दोघांची भांडणं. तिला चौथीत आख्खं पुस्तक शिवाजी महाराजांचं, याच्या पुस्तकात चालुक्य, राष्ट्रकूट, राणी चन्नम्मा. आमचे सासरे म्हणतात पोरांचा इतिहासच काढून घेतला. मुलाला काय सांगू?

उत्तर : ताई, सासऱ्यांना जे दुखतं ते खरं आहे, ते खोडून काढू नका. १९५६ ला राज्यं नव्यानं आखली गेली आणि मुलांची पुस्तकंही त्याच रेषेनं वेगळी झाली. वर्षात तास मोजकेच असतात, म्हणून प्रत्येक राज्य निवड करतं, काय ठेवायचं आणि काय गाळायचं, आणि जो निवडतो तो स्वतःकडचं आधी निवडतो. महाराष्ट्रानं १९७० पासून चौथीला शिवचरित्र ठेवलं, कर्नाटकानं आपले राजे ठेवले. दोन्ही निवडीच आहेत, पोरांना हे सरळ सांगा, त्यांना कळतं.

पण एक काम करा, दोघांना पुस्तकं अदलाबदल करायला सांगा आणि विचारा तुझ्या पुस्तकातलं काय हिच्या पुस्तकात अर्धंच आलंय? शहाजीराजे बेंगळूरला जहागीर सांभाळत होते आणि १६६४ मध्ये त्यांचा अंत झाला तो दावणगेरे जिल्ह्यातल्या होदिगेरेजवळ, तिथं त्यांची समाधी आहे. म्हणजे महाराजांच्या वडलांची गोष्ट कर्नाटकाशिवाय पुरीच होत नाही. कित्तूरची राणी चन्नम्मा काकतीची, बेळगावच्या वेशीवरची. तिच्या बाजूनं इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला १८३१ मध्ये फाशी दिली ती खानापूर तालुक्यातल्या नंदगडला, आजूबाजूला बरीच मराठी बोलणारी गावं. हलशीची कदंबांची देवळं बघायला एक रविवार पुरतो. १९२४ चं काँग्रेस अधिवेशन, गांधीजी अध्यक्ष असलेलं एकमेव, टिळकवाडीत भरलं, त्या वेळची विहीर अजून आहे, मुलाला घेऊन जा आणि दोघांच्या पुस्तकांत त्यावर किती ओळी आहेत ते मोजायला लावा. असं मोजून बघितलं की मग भांडण कमी होतं आणि प्रश्न वाढतात, ते मला जास्त आवडतं.

प्रश्न : निपाणीहून लिहितोय. मुलगी तिसरीत, मराठी मीडियम. कन्नड आहे, इंग्लिश आहे, पुढं हिंदी येईल. एवढ्या भाषांचं ओझं होत नाही का? सरळ इंग्लिश मीडियमला घालावं काय?

उत्तर : दादा, भाषांच्या संख्येनं ओझं होत नाही, प्रत्येक भाषा वेगळ्या कप्प्यात बंद करून शिकवली की होतं. घटनेच्या ३५०अ कलमात, जे १९५६ ला आलं, भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं म्हणून राज्यांनी सोय करावी असं लिहिलंय, तो आपला आधार आहे. आणि त्यामागं नुसती अस्मिता नाही. कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ साली मांडलं की एका भाषेत मूल विचार करायला, वाचून अर्थ लावायला शिकलं की ती ताकद दुसऱ्या भाषेत जाते, परत पहिल्यापासून शिकावी लागत नाही. मुलगी मराठीत धडाधड वाचते का, वाचलेलं स्वतःच्या शब्दांत सांगते का, ते आधी बघा. ते होत असेल तर इंग्लिश चांगलं शिकवणारे टीचर शोधा, मीडियम बदलायची घाई करू नका.

आणि कन्नडला तर ओझं म्हणूच नका. दहावीच्या पेपरासाठी नाही सांगत, ती रोजच्या बाजाराची भाषा आहे म्हणून सांगते. बरेच शब्द ओळखीचे निघतात, तूप तिकडं तुप्प, खिडकी तिकडं किटकी, अक्का आणि अण्णा तर जसेच्या तसे. वाक्यातसुद्धा क्रियापद दोन्हीकडं शेवटीच येतं. फरकही गमतीचा आहे, मराठीत खुर्ची ती, पंखा तो, टेबल ते, कन्नडमध्ये निर्जीव वस्तूंना असं काही नाहीच, सगळ्या एकाच खात्यात. म्हणून शेजारची कन्नड मुलं मराठी बोलताना तो-ती चुकतात, त्यांना हसू नये हे मुलीला याच निमित्तानं सांगता येतं. शाळेत मराठीच्या आणि कन्नडच्या टीचरनी महिन्यातून एक तास एकत्र घ्यावा, एकच गोष्ट दोन्ही भाषांत सांगावी, मुलांनी सारखे शब्द शोधावेत, वेगळे शब्द फळ्यावर लिहावेत. पालक सभेत तुम्हीच हा विषय काढा, वेळापत्रकात त्यासाठी नवीन तास लागत नाही, दोघांनी एकदा बसून ठरवलं की झालं.