आईला घेऊन खांडसवरून भीमाशंकर: शिडी घाट की गणेश घाट?

प्रश्न: नमस्कार, श्रावणात आईला भीमाशंकरला चालत न्यायचंय, तिची फार दिवसांची इच्छा आहे. ती 56 वर्षांची आहे, रोज तासभर चालते पण डोंगर कधी चढलेली नाहीये. मित्र म्हणतायत कर्जतजवळच्या खांडस गावावरून शिडी घाटाने जा, तीनच तर शिड्या आहेत, लवकर पोचाल आणि संध्याकाळी त्याच वाटेने उतरून कर्जतहून लोकल पकडता येईल. जमेल का?
एक वाचक, डोंबिवली

उत्तर: आईंना जरूर न्या, पण शिडी घाटाने नको आणि त्याच दिवशी पायी उतरायचं तर अजिबातच नको. शिडी घाट जवळचा आहे हे खरं, पण भीती त्या लोखंडी शिड्यांची नाहीचे, शिडीवर निदान हाताला आधार असतो, मधे जे कातळाचे टप्पे आहेत तिथे एका बाजूला दरी, पायाखाली शेवाळं, आणि सुट्टीच्या गर्दीत पुढचा कोणी घाबरून थांबला की मागचे सगळे पावसात तिथेच कातळाला चिकटून उभे. पहिल्याच ट्रेकला आईंना अशा जागी उभं करू नका, प्लीज.

गणेश घाट घ्या. वाट लांबची आहे पण मळलेली आहे, वाटेत गणपतीचं देऊळ लागतं, मग पदरगडाला वळसा घालत पदरवाडीला पोचता, तिथे शिडी घाटाची वाटही येऊन मिळते. पदरवाडीला सपाटी लागते आणि लोकांना वाटतं झालं आता, पण खरा चढ तिथून पुढे आहे! दाट जंगल, उभी चढण, दगड आणि मुळं ओली, आणि झाडीत वारा नाही त्यामुळे घाम वाळतच नाही, अंग थंड होत नाही, पाऊस असूनही माणूस उकडून थकतो. म्हणून माणशी तीन लिटर पाणी, त्यात थोडं ओआरएस, आणि तहान लागायची वाट न बघता दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट. चढताना वाटेकडेच्या कारवीच्या झुडपांच्या काठ्या धरायचा मोह होतो, सुकलेली काठी हातात मोडून येते, त्यापेक्षा आईंना चांगली काठी आधीच द्या आणि बूट नवीन असतील तर महिनाभर आधी घालून रोज चालू दे, जिने चढू दे.

खांडस ते देऊळ एकूण चढ साधारण आठशे-नऊशे मीटर आहे, आईंच्या चालीने सहा-सात तास धरा. आदल्या रात्री खांडसला मुक्काम केला तर उजाडताच निघता येईल. आणि एक घरूनच ठरवून निघा, दुपारी बाराच्या आत पदरवाडी गाठली नाही तर तिथेच चहा घेऊन गणेश घाटाने परत, कितीही बरं वाटत असलं तरी. पुढच्या जंगलात धुकं उतरलं की ढोरवाटा आणि खरी वाट यात फरक कळत नाही, तेव्हा पदरवाडीतलाच कोणी वाटाड्या सोबत घ्या, त्याला पैसे द्यायला अजिबात मागेपुढे पाहू नका.

वर जंगलात थांबलात तर मान वर करून फांद्यांच्या टोकाला बघा, काटक्या-पानांचा मोठा गोळा दिसला तर ते शेकरूचं, म्हणजे मोठ्या रानखारीचं, घरटं. भीमाशंकरचं हे अभयारण्य 1985 साली झालं ते मुख्यतः त्याच्यासाठीच. आरडाओरडा, स्पीकर काहीही नको.

परतीचं म्हणाल तर दर्शन घेऊन एसटीने मंचरमार्गे पुण्याला या आणि तिथून ट्रेनने डोंबिवली. दमलेल्या गुडघ्यांना ओला उतार चढापेक्षा जास्त जड जातो. श्रावणी सोमवार आणि शनिवार-रविवार सोडून जा, शेवटच्या बसची वेळ आदल्या दिवशी डेपोत फोन करून विचारा, आणि सुकी कपड्यांची जोडी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा.